जुन्या फायबरग्लास बोटीचे स्ट्रिंगर (तळाला लांबीभर आधार देणाऱ्या आतल्या लाकडी तुळया) कुजलेत: तुकडा जोडावा की अख्खे बदलावेत?

सुकाणू२२: १७ फुटी आउटबोर्ड बोट. मागे फ्लोअर पायाखाली दबतो. स्ट्रिंगरला ५ मिमीची भोकं पाडून पाहिली: पुढे कोरडा, फिकट भुसा, पण मागच्या ४ फुटांत काळा लगदा. ट्रान्सम (इंजिन टांगलेली मागची भिंत) ठणठणीत आहे. भोकांतून पातळ इपॉक्सी ओतून भागेल का? नाहीतर कापायचं किती, आणि रेझिन कोणतं?

डोलकाठी: ओतून भागत नाही. ओलं लाकूड इपॉक्सी पीत नाही. भोक तेवढं भरतं आणि शेजारची कूज चालूच राहते.

आधी तळाला आधार द्या, घाई इथेच नडते. बोट नुसत्या रोलरवर असताना स्ट्रिंगर काढला की तळ झोळ धरतो, आणि नवा बसवला की तो झोळ कायमचा. स्ट्रिंगरच्या बरोबर खाली लांब फळ्या लावा, एका वेळी एकच बाजू उघडा. दोरी ताणून दर ३० सेंमीवर तळाची आणि स्ट्रिंगरच्या माथ्याची मापं लिहून ठेवा.

चांगलं लाकूड लागल्यावरही ३० सेंमी पुढे कापा. जोड तिरपा, १:८ (जाडीच्या आठपट लांब), म्हणजे १८ मिमी मरीन प्लायला साधारण १५ सेंमी. प्लाय तळावर थेट टेकवू नका, त्या रेघेवर तळाला तडा जातो. खाली ५-६ मिमी भुकटी मिसळून घट्ट केलेलं इपॉक्सी, दोन्ही अंगांना त्याचंच गोलसर फिलेट (कोपऱ्यातला भराव). माथ्याच्या कडाही गोल करा; धारेवर कापड बसत नाही, खाली हवा राहते. वर बायॅक्सियल (दोन दिशांनी धागे असलेल्या, शिवलेल्या) ग्लास कापडाचे ३ थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा ५ सेंमी रुंद.

रेझिनवाला: बाकी पटलं, पण पॉलिस्टर रेझिनही चालतं, जुनं ग्लास स्वच्छ, कोरडं होईपर्यंत घासलं असेल तर. थर सुटतात ते बहुतेक वेळा रंगावर किंवा मेणावर चढवल्यामुळे. तरी जुन्या ग्लासला इपॉक्सीची पकड जास्त, हे खरं. एकदा इपॉक्सी लावलं की वर पॉलिस्टर नको. आणि इपॉक्सीसोबत साधी चॉप्ड मॅट (तुटक ग्लास धाग्यांची चटई) घेऊ नका: तिचा बाइंडर, म्हणजे धागे धरून ठेवणारा चिकटा, पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही, त्यामुळे ती ताठच राहते. शिवलेलं कापड घ्या. इपॉक्सीचा थर वाळून गेला असेल तर पुढचा चढवण्याआधी तो पाण्याने पुसा, मग घासा. उलट केलंत तर वरचा चिकट थर घासून आतच बसतो.

सुकाणू२२: पाणी वाहायची भोकं आणि फ्लोअरचे स्क्रू?

डोलकाठी: कूज शिरते ती तिथूनच. भोक मोठं पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा, कडक झाल्यावर मधोमध लहान भोक पाडा. म्हणजे कच्चं लाकूड पाण्याला दिसतच नाही. पीव्हीसी नळीला इपॉक्सी नीट धरत नाही, फायबरग्लासची नळी बसवा. फ्लोअर शक्यतो चिकटवाच, स्क्रू नकोत. घासताना कार्ट्रिजचा मास्क लावा, कापडी मास्क कामाचा नाही.