प्रतिसाद : सत्य आणि सौम्यता

सत्याला सौम्यतेची जोड दिली की ते पातळ होते, असे एक मत मांडले गेले आहे; ते मला पटत नाही. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेऊन त्या माणसाला मारवले, तेव्हा ते पाप दाखवताना नाथान संदेष्ट्याने (बायबल, २ शमुवेल १२) आधी श्रीमंताने हिरावलेल्या गरिबाच्या एकुलत्या एका कोकरीची गोष्ट सांगितली, राजाच्याच तोंडून न्याय वदवून घेतला आणि मगच ‘तो मनुष्य तूच आहेस’ असे सुनावले. यात सौम्यता मांडणीत होती, निर्णयात नव्हती. मत्तय १८:१५ मध्येही चुकलेल्या भावाला प्रथम एकांतात गाठण्यास सांगितले आहे. आमच्या इंदूरच्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीत मात्र कोणाची चूक उपासनेनंतर फाटकापाशी आधी सर्वांना कळते आणि संबंधिताला सर्वांत शेवटी, आणि यालाच आपण स्पष्टवक्तेपणा म्हणतो! अर्थात, पेत्र यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांबरोबर जेवायचे टाळू लागला तेव्हा अंत्युखिया शहरात प्रेषित पौलाने त्याला सर्वांसमक्ष विरोध केला (गलती २), कारण ती चूक उघड होती आणि इतरही तिच्यामागे गेले होते. आचरणातील सत्य याहून अवघड आहे : स्थळ पाहताना मुलाचा आजार लपवणारे घर शेजाऱ्याशी खरे बोला असे सांगणारे इफिस ४:२५ तोंडपाठ म्हणू शकते, पण त्या वचनातला ‘शेजारी’ म्हणजे मुलीकडचेही आहेत.