शिंजीर आणि हनीईटर एकाच भावकीतले का? अन् नावं सारखी का बदलतात?

परभणीकर_पोरगं: नमस्कार मंडळी, बीएस्सी झूलॉजीला आहे. आमच्या दारातल्या जास्वंदीवर रोज शिंजीर यायलेत, फुलात तोंड घालायचं सोडून बुडाशी चोच मारून भोक पाडतात अन् तिथूनच मध ओढतात. ते बघून ऑस्ट्रेलियातल्या हनीईटरचं वाचायला घेतलं तर सगळा गोंधळच. क्वीन्सलँडच्या एंगेला हनीईटरला जुन्या यादीत लायकेनोस्टोमस हिंडवूडी, नव्यात बोलेमोरियस हिंडवूडी, पुढं कंसात लाँगमोर आणि बोल्स, १९८३. पक्षी तोच, मग नाव का बदललं, कंस कशाला, अन् आपला शिंजीर ह्याच्या नात्यातला का?

अंबाजोगाई_पक्षी: नात्यातला नाही. शिंजीर नेक्टरिनिडी कुळातला, हनीईटर मेलिफॅगिडीतला, आणि हे दुसरं कुळ ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी अन् पॅसिफिकच्या बेटांकडलं, भारतात त्यातला एकबी नाही. दोघं फुलातल्या मधावर जगतात म्हणून सारखे वाटतात, पण जीभ बघ, शिंजीरची नळीसारखी गुंडाळलेली अन् हनीईटरची टोकाला ब्रशसारखी फाटलेली. हनीईटरचं जवळचं नातं तिकडच्याच फेअरीरेन ह्या छोट्या पक्ष्यांशी.

गोदाकाठ_नांदेड: नावाचं सांगतो, हा माझ्या लई आवडीचा विषय. लाँगमोर आणि बोल्स ह्यांनी १९८३ ला हा पक्षी मेलिफॅगा ह्या जीनसमध्ये (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट, शास्त्रीय नावातला पहिला शब्द) टाकून वर्णन केला, नंतर तो लायकेनोस्टोमसमध्ये गेला. २०११ ला डीएनए तपासला तर लायकेनोस्टोमसमधले पक्षी एका पूर्वजाचे निघालेच नाहीत, मग त्या एकाचे सात जीनस झाले. बोलेमोरियस हे नाव तेव्हाच केलं, बोल्स अन् लाँगमोर ही दोन नावं जोडून! ज्यांनी पक्षी ओळखला त्यांचाच मान, किती छान गोष्ट आहे बघा. त्यात दोनच जाती, हा आणि ब्रायडल्ड हनीईटर. जीनस हलला तरी हिंडवूडी हा जातीचा दुसरा शब्द हलत नाही, अन् मूळ जीनस बदलला हे कळावं म्हणून लेखकाचं नाव कंसात जातं. तुझ्या दारातला जांभळा शिंजीर असंल तर त्याचंही तसंच, लॅथम ह्या इंग्रज पक्षीतज्ज्ञानं १७९० ला सर्थिया एशियाटिका म्हणलं, पुढं नेक्टरिनिया एशियाटिका, आता सिनिरिस एशियाटिकस, लॅटिनमध्ये हा जीनस पुल्लिंगी म्हणून दुसऱ्या शब्दाचा शेवटही बदलला.

परभणीकर_पोरगं: भारी सांगितलं दादा. पण मग कुळं तरी पक्की असतात का?

अंबाजोगाई_पक्षी: तीबी नाहीत. हवाईतले ओओ पक्षी कितीतरी वर्षं हनीईटरमध्येच धरायचे, चोच, जीभ, राहणी सगळं जुळायचं. २००८ ला म्युझियममधल्या जुन्या नमुन्यांचा डीएनए काढला तर ते वॅक्सविंग ह्या वेगळ्याच पक्ष्यांच्या बाजूचे निघाले, म्हणून मोहोइडी असं वेगळं कुळ केलं. वाईट इतकंच की कुळ मिळालं तेव्हा त्यातला एकही पक्षी उरला नव्हता, काउआई बेटावरचा शेवटचा ओओ १९८७ लाच ऐकू आलेला.

गोदाकाठ_नांदेड: म्हणून प्रॅक्टिकलच्या वहीत नाव लिहिताना कोणती चेकलिस्ट (पक्ष्यांच्या नावांची यादी) अन् कोणत्या सालची तेबी लिही, जुनं नाव शेजारी राहू दे, म्हणजे परीक्षकांनी जुनं पुस्तक धरलं तरी अडचण नाही.