स्मृतिभ्रंश झालेले आजोबा आंघोळीच्या वेळी मारतात, काय करावे?

प्रश्न (वृद्धाश्रमातील सेविका, मानेवाडा, नागपूर):
आमच्याकडील ८१ वर्षांच्या आजोबांना स्मृतिभ्रंश आहे. तरुणपणी ते एम्प्रेस मिल या कापडगिरणीत कामाला होते. एरवी शांत असतात. परंतु गेल्या आठवड्यापासून आंघोळीला नेताना ते मनगट पिरगळतात आणि काल त्यांनी एका सहकारी ताईंच्या तोंडावर तांब्या मारला. हात बांधून आंघोळ घालावी, असे घरच्यांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, पण दुसरे काही सुचतही नाही.

उत्तर १ (निवृत्त परिचारिका):
ताई, हात बांधू नका. बांधलेला माणूस अधिक घाबरतो, सुटण्यासाठी झटापट करतो आणि त्यातच त्याला इजा होते. मला तुमचे ‘गेल्या आठवड्यापासून’ हे शब्द महत्त्वाचे वाटतात. स्मृतिभ्रंश बहुधा हळूहळू वाढतो. वागणे काही दिवसांतच पालटले, तर लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, दातदुखी किंवा नवे औषध यांपैकी काही कारण आहे का, हे आधी पाहावे लागते. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा तहान लागल्याचे सांगू न शकणाऱ्या माणसाच्या शरीरातले पाणी कमी व्हायला वेळ लागत नाही. उद्याच डॉक्टरांना दाखवा. शांत करणारी गोळी मात्र स्वतःहून देऊ नका. अशा रुग्णांत मनोविकारावरील काही औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो.

त्यांनी हात उगारला की वाद न घालता दोन पावले मागे सरा, अगदी समोर न राहता किंचित बाजूला उभ्या राहा आणि तुमची दाराकडची वाट मोकळी ठेवा. अर्ध्या तासाने पुन्हा विचारा. रोज आंघोळ झालीच पाहिजे असे नाही; अंगावर पंचा ठेवून कोमट ओल्या फडक्याने एकेक भाग पुसला तरी चालते.

उत्तर २ (आईची काळजी घेणारी मुलगी):
डोक्यावरून पाणी पडले की माझी आई किंचाळायची. मग आम्ही तांब्या तिच्याच हाती दिला आणि पायांपासून सुरुवात केली. ‘गिरणीतल्या पाळीवरून आलात, हातपाय धुऊन घ्या’ असे आजोबांना म्हणून पाहा. माझा भाऊ याला खोटे बोलणे म्हणतो. मी म्हणत नाही.

प्रश्नकर्ती:
लघवीचा नमुना सकाळी दिला. नोंदवही चाळताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली: आजोबांच्या श्रवणयंत्राची बॅटरी आठ दिवसांपूर्वीच संपली आहे आणि यंत्र कपाटात पडून आहे. ‘आता पाणी घालते’ हे आम्ही मागे उभे राहून सांगत होतो.