हार्डांगरविड्डासाठी स्की-टूरिंगचे बूट: रुंद चवडा, अरुंद टाच, बजेट ३००० क्रोनर

ओस्लोचा_पाहुणा
नमस्कार मंडळी. ईस्टरच्या सुट्टीत नॉर्वेतल्या हार्डांगरविड्डा पठारावर फिन्से ते हाउकेलीसेटर असा पाच-सहा दिवसांचा स्कीप्रवास ठरला आहे. मुक्काम डी.एन.टी.च्या (नॉर्वेतली पदभ्रमण संघटना) झोपड्यांत, पाठीवर १२-१३ किलोची सॅक. स्की मिळाल्या आहेत: लाकडी गाभा, पूर्ण लांबीच्या पोलादी कडा, वर एनएनएन बीसी पद्धतीचं मॅग्नम बाइंडिंग (बुटाच्या तळातला दांडा पकडून बूट स्कीला अडकवणारी खटकी). बूट मात्र नाहीत.

पायाचं माप (संध्याकाळी, उभं राहून, जाड मोजे घालून): उजवा २६.६ सेंमी, डावा २६.२. चवडा रुंद, टाच अरुंद. दुकानात ४२ नंबर घातला तर करंगळी दाबली जाते, ४३ घातला तर टाच वर निसटते. बजेट ३००० क्रोनर, त्यावर जाता येणार नाही. प्रश्न तीन: ४२ की ४३? कुठलं मॉडेल? वापरलेले बूट घ्यावेत का?

फिन्सेवारी
अल्फा कंपनीचा गार्ड बूट घ्या. बजेटचं सोडा, बूट दहा वर्षं टिकतो. घोट्याला चांगला आधार, तळ भक्कम, पाणी आत येत नाही. स्वस्त बुटात पैसे घालाल आणि पुढच्या वर्षी पुन्हा हाच धागा काढाल.

मापपट्टी
मॉडेलचं नंतर, आधी माप. युरोपियन एक नंबर म्हणजे ६.६७ मिमी. ४२ ची कागदावरची आतली लांबी २८ सेंमी, ४३ ची २८.७. तुमचा मोठा पाय २६.६. म्हणजे ४२ मध्ये पुढे १४ मिमी राहतात, ४३ मध्ये २१. मोज्यासकट माप घेतलंत हे बरं केलंत, आता मोज्याची जाडी पुन्हा मिळवू नका. थंडीत चालायच्या बुटाला पुढे साधारण १२ ते १५ मिमी हवेत, त्यामुळे लांबीला ४२ पुरतो. अडचण रुंदीची आहे आणि रुंदी नंबर वाढवून सोडवली की टाच हमखास निसटते. तुमचं नेमकं तेच होतंय.

पण कागदावरची लांबी प्रत्येक कंपनीच्या साच्यात खरी उतरतेच असं नाही, म्हणून दुकानात असं करा:

१) बुटाच्या आतला सुटा तळवा बाहेर काढून जमिनीवर ठेवा, मोजा घालून त्यावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. करंगळीची बाजू तळव्याच्या कडेबाहेर ३-४ मिमीपेक्षा जास्त सांडत असेल तर तो साचा तुमचा नाही. बूट ठेवून द्या.
२) बूट न बांधता पाय पुढे सरकवा, मागे टाचेजवळ एक बोट जेमतेम जायला हवं. दोन गेली तर मोठा.
३) बांधून चवड्यावर उभे राहा, स्की ढकलताना होतं तसं. बुटाला सुरकुती कुठे पडते ते बघा. ती चवड्याच्या सांध्यावरच पडायला हवी. बूट लांब असला की सुरकुती पुढे सरकते आणि बोटांच्या मुळावर रुतते. दिवसभरात हजारो वेळा तिथेच घासणार.
४) उतारावर तोंड उताराकडे, बोटं खालच्या बाजूला करून उभे राहा. दुकानात फळी असते, नसेल तर जिन्याची पायरी. बोटं पुढे टेकता कामा नयेत.
५) निदान वीस मिनिटं घालून हिंडा. पाय तापल्याशिवाय खरा दाब कळत नाही.

बर्फवाट
४३ घ्या. घट्ट बुटात रक्त फिरत नाही, बोटं गारठतात. उणे वीसला ते परवडत नाही.

मापपट्टी
घट्ट बुटात बोटं गारठतात हे खरंच. पण त्यांचा बूट करंगळीपाशी घट्ट आहे, लांबीला नाही. सात मिमी लांबी वाढवून कडेला दोन मिमीही पुरते मिळत नाहीत.

डेन्व्हरकर
प्लॅस्टिकचे टेलेमार्क बूट (टाच मोकळी ठेवून उतारावर वळणं घ्यायचे) का घेत नाही? उतारावर ताबा कितीतरी जास्त मिळतो, पायही कोरडा राहतो.

लाकडीस्की
हार्डांगरविड्डा म्हणजे पठार आहे, उतारांची जागा नाही. दिवसाला वीसेक किलोमीटर सरकत जायचं. प्लॅस्टिकचा बूट घोट्यात इतका मोडत नाही, दुसऱ्या दिवशी नडगी सोलून निघेल. शिवाय तो मॅग्नममध्ये बसतच नाही.

आता माझं म्हणणं. एनएनएन बीसीपेक्षा जुनी ७५ मिमीची तीन खिळ्यांची पद्धत बरी. बुटाच्या पुढच्या ओठाला खाली तीन भोकं, बाइंडिंगला तीन खिळे, वरून पट्टी दाबायची. १९२७ पासून चालत आलेली गोष्ट, बिघडलं काय तर डोळ्यांना दिसतं. एनएनएन बीसीत तळातल्या दांड्याभोवती बर्फ घट्ट बसतो, मग काठीच्या टोकाने टोकरत बसा.

हिमगौरी
दांड्यात बर्फ बसतो ही तक्रार बहुतेक वेळा ओल्या बर्फावरून कोरड्यावर आल्यावरची असते. बूट अडकवण्याआधी तळ दुसऱ्या स्कीच्या कडेवर दोनदा घासला की निघतो. त्यापायी बाइंडिंग बदलायची गरज नाही.

टाचेबद्दल: ४३ सोडण्याआधी नाडी बांधायची पद्धत बदलून बघा. नाडीच्या भोकांच्या खालच्या तीन जोड्या सैल. पाय जिथे वर वळतो तिथे साध्या गाठीऐवजी नाडीला दोन वेढे देऊन ओढा, तो वेढा सुटत नाही आणि टाच मागे धरून ठेवतो. तिथून वर मध्यम. चढाला आणि सपाटीला वरच्या दोन आकड्या सोडायच्या, लांब उतार आला की आवळायच्या. टाच २-३ मिमी हलणं चालतं. त्याहून जास्त हलली तर फोड ठरलेलाच, कारण स्कीवर प्रत्येक पावलाला टाच उचलायचीच असते.

आणखी एक. बायकांसाठीच्या साच्यात टाच अरुंद असते, ४२ पर्यंत नंबरही मिळतो. पण चवडासुद्धा अरुंद असतो, म्हणून तुमच्या कामाचा नाही. कोणी सुचवलं तर फसू नका.

पायताण
आपल्याकडचे पाय चवड्यात पसरटच असतात. लहानपण चपला-वहाणांत किंवा अनवाणी गेलं की बोटं मोकळी पसरतात. युरोपियन साचे आपल्यासाठी नाहीतच.

डेन्व्हरकर
असं सरसकट म्हणता येणार नाही. अरुंद पायाची मराठी माणसंही खूप आहेत.

पायताण
सरसकट नाही म्हटलं, बहुतेक म्हटलं.

मापपट्टी
इथे एकाच पायाचं माप दिलेलं आहे, त्यावर बोलू या. कमानीला आधार देणारा तळवा घालून बघा. भार दिल्यावर कमान कमी खचते, त्यामुळे पाय कमी लांबतो आणि कमी पसरतो. मात्र जाड तळवा आतली उंची खातो, तेव्हा जो तळवा प्रवासात वापरणार तोच घालून बूट पारखा.

जुनंच_बरं
वापरलेल्या बुटांबद्दल कोणी बोललंच नाही. फिन्न डॉट नो या जाहिरातींच्या नॉर्वेजियन साइटवर ढिगाने मिळतात, पण हे तपासल्याशिवाय हात लावू नका:

तळाचा मधला थर पॉलियुरेथेनचा असेल तर तो न वापरताही, नुसता कपाटात पडून, हवेतल्या दमटपणाने कुजतो. वरून चामडं नव्यासारखं दिसतं आणि डोंगरात तळ चुरा होऊन सुटतो. अंगठ्याच्या नखाने थर दाबा. भुगा निघाला, भेग पडली किंवा चिकट लागला तर नको. मग टाच आणि टोक धरून बूट धुणं पिळतो तसा पिळा. चवड्यात लांबीला वाकायला हवा, पण पीळ पडता कामा नये, नाहीतर उतारावर टाच स्कीवरून बाजूला घसरेल. ७५ मिमीचा असेल तर ओठाखालची भोकं बघा, लंबगोल झाली असतील तर खिळे धरणार नाहीत.

सॉलोमन कंपनीची जुनी एसएनएस बीसी पद्धतही बाजारात फिरते. तळाला एक दांडा दिसला म्हणून घेऊ नका, मॅग्नममध्ये ती बसत नाही. साध्या एनएनएनचा, म्हणजे ओस्लोजवळच्या नूर्डमार्का जंगलातल्या आखलेल्या ट्रॅकवर वापरतात तो बूटही नाही. त्याचा दांडा बारीक आणि अरुंद.

नवंकोरं
बाइंडिंग बनवणाऱ्या रोटेफेला कंपनीची एक्स्प्लोर पद्धत २०२१ ला आली आहे, तीच घ्या. बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी खुंट्या, खाली दांडा नाही. बाइंडिंगपुढचा रबरी ठोकळा मऊ किंवा कडक बदलता येतो. चालायलाही सोपा.

ओस्लोचा_पाहुणा
एक्स्प्लोर म्हणजे बूट आणि बाइंडिंग दोन्ही नवं, ३००० मध्ये कसं बसवू?

फिन्सेवारी
म्हणूनच म्हटलं, बजेट वाढवा. अल्फा गार्ड.

बर्फवाट
अल्पिना अलास्का बघितला का? बजेटच्या जवळ आहे आणि एनएनएन बीसीमध्ये मिळतो. तोही ४३ घ्या.

लाकडीस्की
बुटाच्या अस्तरातल्या पाणी न शिरू देणाऱ्या पडद्याचं सगळे कौतुक करतात. ईस्टरला दिवसा ऊन, रात्री गोठण. पाय बाहेरच्या पाण्याने कमी आणि आतल्या घामाने जास्त भिजतो. पडद्याचा बूट आतून ओला झाला की झोपडीच्या सुकवणखोलीतसुद्धा रात्रभरात पुरता वाळत नाही. साधा चामडी बूट तुलनेने लवकर वाळतो.

हिमगौरी
घाम अडवायचा तर पडदा असो वा नसो, उपाय एकच. पायाला पातळ मोजा, त्यावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी, त्यावर जाड लोकरी मोजा. घाम पिशवीत राहतो, लोकर आणि बूट कोरडे. संध्याकाळी पातळ मोजा बदलायचा आणि पाय पुसून मोकळे ठेवायचे, नाहीतर कातडी भिजून पांढरी पडते आणि सोलते.

बूट शेगडीजवळ ठेवू नका. चामडं आखडतं, तळाचा गोंद सुटतो. तळवा काढायचा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने बदलायचे. झोपडीत जुने कागद पेटवायला ठेवलेले असतात, पण आपलेही चार न्या.

जुनंच_बरं
चामड्याला मेण लावा, तेल नको. तेलाने चामडं मऊ पडतं आणि घोट्याचा आधार जातो. शिवणीवर मेण दोनदा.

ओस्लोचा_पाहुणा
सगळ्यांचे आभार. शनिवारी तीन दुकानं फिरलो, पाच जोड्या घातल्या. मापपट्टींनी सांगितलेलं तळव्याचं माप प्रत्येकाला लावलं. एनएनएन बीसीच्या तिन्ही जोड्यांत करंगळी ४ ते ६ मिमी बाहेर गेली. ४३ मध्ये हिमगौरींची दोन वेढ्यांची गाठ मारूनही टाच बोटभर उचलली.

शेवटी घेतला तो बूट इथे कोणीच सुचवला नव्हता. ४२ नंबर, साधा चामडी, पडदा नाही, ७५ मिमी. प्रदर्शनातली जोडी म्हणून २२०० ला मिळाली. तळव्यावर उभं राहिल्यावर करंगळी कडेच्या आत, टाच २ मिमी हलते, सुरकुती सांध्यावर. तीन खिळ्यांचं बाइंडिंग वापरलेलं घेतलं, ३५० क्रोनर. मॅग्नम काढून विकणार.

बर्फवाट
४२ घ्यायला नको होता.

फिन्सेवारी
मॅग्नम काढू नका, चांगलं बाइंडिंग आहे. शिवाय ७५ मिमीचा तिथे कोणी वापरतही नसेल आता.

लाकडीस्की
वापरतात की. उत्तम केलंत. बाइंडिंग बसवताना लक्ष द्या: ७५ मिमीचं डावं आणि उजवं वेगळं असतं, अदलाबदल झाली तर बूट तिरका बसेल. स्की बोटावर तोलून धरा, तोल साधेल तिथे आडवी रेघ मारा, मधला खिळा त्या रेघेवर. जुन्या भोकांत आधी लाकडाचा गोंद, मग प्लॅस्टिकच्या खुंट्या ठोकून कडा साफ कापा. नवं भोक जुन्याच्या अगदी लगत येत असेल तर दोन्ही स्कीवरची रेघ सारखीच १ सेंमी पुढे घ्या. ड्रिल ३.६ मिमीचं, खोली ९ मिमी, बिटावर टेप गुंडाळून खूण करा म्हणजे तळ फुटणार नाही. स्क्रू बसवण्याआधी भोकात पुन्हा गोंद. पेचकस पोझी ३ क्रमांकाचा, साधा फुलीचा वापरलात तर स्क्रूचं डोकं झिजेल.

मापपट्टी
आता ईस्टरपर्यंत रोज तासभर घरात घाला, मग सॅक घेऊन नूर्डमार्कात दोन-तीन फेऱ्या. करंगळीपाशी अजून दाब वाटला तर चांभाराकडून तेवढाच भाग ताणून घेता येईल. पडदा नाही म्हणून ते शक्य आहे.

जुनंच_बरं
सोबत तीन फिरकीच्या क्लॅम्प (पाइपावर बसवतात तशा, स्क्रू फिरवून आवळायच्या गोल पट्ट्या), दोन मीटर टेप आणि जाड तार न्या. ओठ उकलला तर बूट स्कीला बांधून झोपडीपर्यंत जाता येतं.

ओस्लोचा_पाहुणा
क्लॅम्प किती व्यासाच्या?

जुनंच_बरं
बूट बाइंडिंगमध्ये अडकवून ओठ आणि स्की मिळून दोरीने वेढा मोजा. त्याला ३.१४ ने भागा आणि त्याहून दीड-दोन सेंमी मोठा व्यास घ्या.