मदत हवी आहे: क्रूझने येणारे व्याही, मुंबईत एक रविवार आणि ठाणं

नौपाडेकरीण

नमस्कार मंडळी,

माझा भाचा लिस्बनला असतो. बायको तिथलीच. तिचे आईवडील, म्हणजे आमचे व्याही आणि विहीणबाई, जानेवारीत क्रूझने येताहेत. बोट दुबईहून निघून मुंबई, गोवा, कोची अशी जाणार. मुंबईच्या वाट्याला एकच दिवस, आणि तो नेमका रविवार. सकाळी आठला बॅलार्ड पिअरला लागते, संध्याकाळी सहाला सुटते, पाचच्या आत सगळे परत हवेत. भाच्याने फर्मान काढलंय, "मावशी, त्यांना बोटीच्या टूरमध्ये कोंबायचं नाही, तूच फिरव."

दोघंही सत्तरीपुढचे. तब्येत खणखणीत, पण व्याह्यांना गुडघ्यामुळे पायऱ्या नकोत, म्हणजे घारापुरी बाद. विहीणबाईंना इंग्रजी जेमतेम. व्याही इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी एका जुन्या नकाशाचा फोटो पाठवलाय, त्यात वसईभोवती लाल गोल! शिवाय दोघांना आपल्याकडचं घर आतून बघायचंय, त्यामुळे नौपाड्यात आमच्याकडे जेवण ठरलेलंच.

आता सांगा. वसईचा किल्ला, ठाण्यात जेवण आणि वेळेत परत बोट, हे जमणारं आहे का? वसई सोडलीच, तर ठाण्यात दाखवायचं काय? आख्खा जन्म इथे गेला, पण तलावपाळीच्या पुढे काही सुचत नाहीये. लोकलने आणू की गाडीने? आणि घ्यायला थेट धक्क्यापर्यंत जाता येतं का? आमच्या ह्यांचं मत: गेटवे दाखवा, थाळी खायला घाला, सोडून या. ते धरू नका.

धक्केवाला

ताई, आधी वेळेचं बघू. आठला बोट लागली म्हणजे आठला पाहुणे बाहेर आले असं होत नाही. दुबईहून येताना मुंबई हे पहिलं भारतीय बंदर, त्यामुळे इमिग्रेशन इथेच. माणशी पासपोर्ट घेऊन समोर उभं राहावं लागतं. साडेनऊ धरा, दहा वाजले तरी चिडू नका.

परतीचे पाच म्हणजे बोटीच्या घड्याळातले पाच. दुबई आपल्या दीड तास मागे आहे. बोटीवर घड्याळं पुढे केली का, हे त्यांना उतरण्याआधी विचारून घ्यायला सांगा. बोटीच्या स्वतःच्या टूरची बस अडकली तर बोट थांबते. आपापलं फिरायला गेलेल्यांसाठी थांबत नाही. चार वाजता गेटवर, एवढंच डोक्यात ठेवा. म्हणजे हातात जेमतेम सहा तास.

धक्क्यापर्यंत तुम्हाला सोडणार नाहीत, बंदराच्या ग्रीन गेटबाहेर थांबा. आत परतताना त्यांना बोटीचं कार्ड आणि पासपोर्ट किंवा त्याची प्रत दाखवावी लागेल. व्हिसा काढलाय ना? एक दिवस उतरायचं तरी लागतो. मुंबई बंदरात ई-व्हिसा चालतो.

पापडीकर

वसईचा असून सांगतो, नका आणू. बॅलार्ड पिअर ते किल्ला दोन तास धरा, किल्ल्यात किमान दोन तास, आणि तिथून ठाण्याला यायचं तर घोडबंदर रोड. ठाणेकरांना घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकबद्दल मी काय सांगणार! बोट चुकली तर स्वखर्चाने गोवा गाठावं लागेल त्यांना.

व्याह्यांना सांगा, गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये पोर्तुगीजांना दिलेली वसई १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी घेतली, आणि तिथल्या चर्चच्या घंटा आज भीमाशंकरला, मेणवलीला देवळांत वाजतात. पुढच्या वेळी विमानाने या म्हणावं, आख्खा दिवस मी फिरवतो.

खाडीपलीकडची

हे माझं वैयक्तिक मत, पोर्तुगीज खुणा दाखवायचा अट्टहासच कशाला? त्यांचं पुढचं बंदर गोवा आहे. जुन्या गोव्यातली चर्च बघितल्यावर बाकी सगळं फिकंच पडणार. त्यापेक्षा ऐरोलीला आणा. जानेवारीत खाडीत फ्लेमिंगो असतात, जैवविविधता केंद्रातून बोट सुटते. फक्त भरती-ओहोटीवर बोटीची वेळ ठरते, ती आधी विचारून घ्या. ठाणे खाडी आता रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, २०२२ पासून.

नौपाडेकरीण

भाच्याला विचारलं. तो म्हणतो लिस्बनजवळ नदीच्या मुखाशी फ्लेमिंगो त्यांना घरबसल्या दिसतात. :) शिवाय भरतीची वेळ आणि बोटीची वेळ, दोन्ही सांभाळायचं माझ्याच्याने होणार नाही. गोव्याचा मुद्दा मात्र पटला.

बखरबहाद्दर

मला नाही पटला. गोवा आणि ठाणं यांची गोष्ट एक नाही.

१६६१ च्या तहाने पोर्तुगालच्या राजकन्येच्या, कॅथरीनच्या हुंड्यात मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली. ठाणं त्या हुंड्यात नव्हतं. साष्टी बेटाबरोबर ते पोर्तुगीजांकडेच राहिलं, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत. इंग्रजांच्या हाती पडायला १७७४ चा डिसेंबर उजाडला. बोटीतून उतरल्यावर तुमच्या व्याह्यांना जी मुंबई दिसेल ती इंग्रजांनी घडवलेली. तासाभरावरचं ठाणं तेव्हा दुसऱ्या राजाचं होतं. इतिहासाच्या मास्तरांना हे ऐकायला आवडेल, लिहून घ्या.

आणि ठाणं बंदर म्हणून पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचं. शिलाहारांची राजधानी. तेराव्या शतकात मार्को पोलोने या राज्याबद्दल लिहिलंय की इथून कातडी आणि सुती कापड जातं, आणि राजाची समुद्री चाच्यांशी सरळ वाटणी आहे: माल चाच्यांचा, लुटीतले घोडे राजाचे. १३२१ मध्ये इथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये, म्हणजे त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी. ते दोघं कॅथलिक असतील तर हे त्यांना आधीच माहीत असण्याची शक्यता आहे, आपल्यालाच नसतं.

बघायचं काय? तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, मूळ पोर्तुगीज काळातलं. रविवार असल्याने उघडं मिळेल. तिथून सपाट रस्त्याने कौपिनेश्वराचं देऊळ, पोर्तुगीज गेल्यावर बिवलकर सरसुभेदारांनी १७६० मध्ये बांधलेलं. ठाण्याचा किल्ला म्हणजे आपलं मध्यवर्ती कारागृह. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, मराठ्यांनी जिंकून पुरा केला. आत जाता येत नाही, गाडीतून भिंत दाखवा. क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला तिथेच फाशी दिली. वेळ उरला तर चेंदणी कोळीवाडा. खाडी गाळाने भरली, बंदर गेलं, कोळी राहिले.

अवांतर: बॅलार्ड पिअरपासून हाकेच्या अंतरावर, नौदलाच्या आवारात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या घराची जागा आहे. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. आत सोडत नाहीत, पण जाताना लांबून ती जागा दाखवायला हरकत नाही.

फास्ट_लोकल

बखरबहाद्दर +१. आता प्रवासाचं. रविवार म्हणजे मेगाब्लॉक, दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद, बहुतेक वेळा सकाळी साडेदहा-अकरापासून चारपर्यंत. म्हणून सकाळी येताना लोकल आणि परत जाताना गाडी. उलटं अजिबात नको. येताना पंधरा मिनिटं उशीर झाला तर जेवण उशिरा होईल, जाताना झाला तर बोट जाईल.

ग्रीन गेटहून टॅक्सीने सीएसएमटी पाच-दहा मिनिटं. स्टेशनची इमारत बाहेरूनच नीट बघू द्या, मग फर्स्ट क्लास. आणि त्यांना सांगा की १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी याच वाटेने गेली, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. सकाळी ठाण्याकडे येणारी गाडी रिकामी असते, खिडकी मिळेल. त्यांना दहाच्या पुढे बाहेर सोडलं तर मात्र लोकलचा नाद सोडा.

परत निघायचं दोनला. पूर्व द्रुतगती मार्ग, चेंबूरहून ईस्टर्न फ्रीवे, तो थेट पी डिमेलो रोडला उतरतो, तिथून ग्रीन गेट जवळच. तीन-सव्वातीनला पोचलात तर हॉर्निमन सर्कलला चक्कर मारा, टाउन हॉल खालूनच बघा, पायऱ्या बऱ्याच आहेत.

जेवण घरी आहेच, पण मामलेदारची मिसळ चाखवायला हरकत नाही. मिरची त्यांच्याच लोकांनी आणली, त्यांना कळू दे पुढे काय झालं.

नौपाडेकरीण

सर्वांचे मनापासून आभार. वसई रद्द, मीच फोनवर सांगितलं. नाराज वाटले, पण हुंड्याची गोष्ट ऐकून हसले. आता ते भाच्याला मार्को पोलोबद्दल विचारताहेत आणि तो मला.

मिसळ नको, बोटीवर पुढचा रात्रभराचा प्रवास आहे. वालाचं बिरडं, भरली वांगी, मऊ भात आणि पुरणपोळी ठरवलंय. परतीला आमचे हे गाडी काढणार आहेत, कुरकुरत का होईना.

दोन गोष्टी राहिल्या. चर्चमध्ये रविवारची शेवटची प्रार्थना किती वाजता संपते, म्हणजे मधे घुसायला नको? आणि पोर्तुगीज बोलणारं कोणी ठाण्यात किंवा नवी मुंबईत असेल आणि त्या दिवशी जेवायला येऊ शकत असेल तर व्यक्तिगत निरोप करा. विहीणबाईंशी दोन तास नुसतं हसून कसं काढणार?