सेल काउंटरच्या ब्लँकमध्ये प्लेटलेट: मशीन बिघडलंय की अर्थिंग?

प्रश्न (लॅब टेक्निशियन, ग्रामीण रुग्णालय, बीड जिल्हा)
नवा थ्री-पार्ट सेल काउंटर (रक्तपेशी मोजणारं, पांढऱ्या पेशींचे तीन गट दाखवणारं मशीन) आहे. सकाळच्या ब्लँकला (रक्ताशिवाय नुसतं द्रावण चालवून घेतलेली तपासणी) प्लेटलेट 25-30 हजार दाखवतो, 10 हजारांच्या आत हव्यात. मार्चपासून जास्तच. इंजिनिअर म्हणतात मशीन ठीक आहे. डॉक्टर आता बाहेरच्या लॅबची चिठ्ठी देतात. सुरुवात कुठून करू?

उत्तर 1 (बायोमेडिकल, लातूर)
मार्चपासून म्हणताय तर आधी अर्थिंग. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडपासून (जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या पाईपपासून) माती सुटते आणि रोध वाढतो. पेशी मशीनमधल्या बारीक छिद्रातून जाताना जो विजेचा पल्स उमटतो तो मशीन मोजतं. प्लेटलेटचा पल्स सगळ्यात लहान, म्हणून लाइनमधला नॉइज प्लेटलेटमध्येच धरला जातो.

सगळा लोड चालू ठेवून सॉकेटवर न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज बघा. 2 व्होल्टच्या आत ठीक. न्यूट्रल सैल असला तरी आकडा चढतो, तो आधी आवळून घ्या. मग एसी, सेंट्रिफ्यूज बंद करून तीन ब्लँक लावा. प्लेटलेट उतरल्या तर दोष विजेचा. नाही उतरल्या तर डायल्युएंट (रक्त पातळ करायचं द्रावण) किंवा छिद्रातली घाण. (उरलेलं डायल्युएंट नव्या कॅनमध्ये ओतत नाही ना कुणी?)

अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतून चार दिवस निघतात. कायमचं करायचं तर बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरून नवा खड्डा घ्या, अर्थ टेस्टरवर 1-2 ओहम दाखवून घ्या, जुन्या अर्थिंगला पट्टीनं जोडा. खणताना मुरूम लागला की ठेकेदार पाईप कापून आखूड करतो, तेव्हा समोर उभं राहा.

उत्तर 2 (लॅब, नांदेड)
यूपीएस ऑनलाइनच हवा, साधा इन्व्हर्टर चालत नाही. लाईट गेल्यावर शटडाउन न करता मशीन बंद पडलं की छिद्रात मीठ-प्रथिनं सुकतात. आणि रिएजंटचा हिशेब आत्ताच करा: सुरू-बंद करण्यात जाणारं रिएजंट पेशंट 8 असोत की 80, तेवढंच जातं. कंट्रोलची (मशीन बरोबर मोजतंय का ते पाहायच्या, आकडे माहीत असलेल्या नमुन्याची) उघडलेली बाटली साधारण दोन आठवडेच टिकते, तीही 2 ते 8 अंशांत.

प्रश्नकर्ता
न्यूट्रल-अर्थ 9 व्होल्ट, टेस्टरवर 14 ओहम. एसी बंद केल्यावर ब्लँक 8 हजार. खड्ड्याचा खर्च कशातून?

उत्तर 1
रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून मागा. प्रस्तावात 'अर्थिंग दुरुस्ती' लिहा, 'मशीन दुरुस्ती' नको. मशीन वॉरंटीत असेल तर फाईल परत येईल. टेस्टरचं रीडिंग जोडा.