विभागप्रमुख झाले, रोजनिशी लिहू का?

प्रश्न: बावीस वर्षं शिकवलं, दोन महिन्यांपूर्वी विभागप्रमुख झाले. काल बैठकीत एका सहकाऱ्यांचं बोलणं मी मध्येच तोडलं. त्यांनी वही मिटली ती शेवटपर्यंत उघडली नाही. रात्रभर तेच डोळ्यांसमोर. लिहून काढल्याने फरक पडतो का?

उत्तर: पडतो, पण नुसतं मन मोकळं करून थांबू नका. शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८मध्ये अनुभवावर चिंतन करण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या: काय घडलं, काय वाटलं, बरं-वाईट काय, का घडलं, काय शिकलो, पुढे काय करणार. मी नेहमी शेवटचीच टाळायचो.

दुसरं उत्तर: व्यावसायिक कसे शिकतात याचे अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३मध्ये काम चालू असतानाचं चिंतन आणि नंतरचं चिंतन यांत फरक केला. मॅडम, वही मिटली ते तुम्ही तेव्हाच टिपलंत. अर्धं काम तिथेच झालं.

प्रश्नकर्ती: आज त्यांच्याकडे गेले, ‘कालचं तुमचं राहिलंय’ म्हटलं. वीस मिनिटं फक्त ऐकलं. वेळापत्रकातली चूक माझीच होती.